हजार चंद्रांचा दर

दर सांगून झाल्यावर बोलत राहायचं, हा माझा जुना रोग. "तीन हजार होतील," एवढं म्हणून थांबायला हवं ना? छे. पुढचं वाक्य तोंडातून आपसूक निघायचं, "म्हणजे, जास्त वाटत असतील तर बघू या थोडं." समोरच्या बाईनं तोवर हूं की चूं केलेलं नसायचं. तिच्या वाटणीची घासाघीस मीच आधी उरकून टाकायचे. अडीचवर मी आपण होऊन यायचे, मग ती दोन म्हणायची, आणि बावीसशेवर ठरायचं. फोन ठेवला की मी ओट्याशी उभी राहून स्वतःला शिव्या घालायचे.

नोएडातल्या आमच्या नवव्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात मी नऊ वर्षं केक करते. ऑर्डरीचे, सजवलेले. नवरा केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात, मुलगी कॉलेजात. घरात या कामाला बराच काळ "आईचा छंद" म्हणत, आणि छंदाचे पैसे मागायला जीभ जड होतेच. शिवाय गिऱ्हाईक दिल्लीचं. इथे भाव करणं हा भांडणाचा नाही, ओळखीचा प्रकार आहे, हे कळायला मला फार वर्षं लागली.

एकीनं परदेशातल्या कुठल्या तरी लग्नाच्या केकचा फोटो पाठवला. साखरेची अडीचशे फुलं असतील त्यावर. "दीदी, सेम टू सेम चाहिए, बस थोड़ा रीज़नेबल." एका गृहस्थांनी केक खालच्या पुठ्ठ्यासकट दारातच वजनकाट्यावर ठेवला आणि म्हणाले, "बोर्ड का वज़न माइनस कीजिए." एका घरी रोका, म्हणजे लग्न पक्कं केल्याचा समारंभ, होता. मुलामुलीच्या नावांची आद्याक्षरं घालून मी सुरेख केक केला. दोन महिन्यांनी त्याच घरातून फोन, केक तोच हवा, फक्त मुलाचं अक्षर बदलायचं, आणि डिझाइन तयारच आहे तर काही कमी होईल का? आणि एका बाईनं तर अंड्यावरून माझी उलटतपासणीच घेतली. बिनअंड्याच्या केकचा ओव्हन वेगळा आहे ना? हो. भांडी वेगळी? हो. थोडं थांबून तिनं विचारलं, "और हाथ?" हातांची माझ्याकडे एकच जोडी आहे, असं मी तिला सांगितलं. तिनं ऑर्डर दिली.

मराठी गिऱ्हाइकाची तऱ्हा निराळी. ते भाव करत नाही. "घरचंच आहे गं, काय ते सांग," म्हणतं, आणि मग मलाच सांगवत नाही. "द्या तुम्हाला वाटेल ते," असं मी म्हणायचे. त्यांना वाटायचं ते मनापासून वाटायचं, पण ते बहुतेक वेळा ब्लाउजपीसच्या रूपात यायचं. कपाटाच्या खालच्या कप्प्यात माझ्याकडे एकोणीस ब्लाउजपीस जमले होते. त्यातल्या एकालाही जुळेल अशी साडी माझ्याकडे नव्हती.

हा रोग बरा केला आमच्या मजल्यावरच्या पंजाबी आंटीजींनी. साठीच्या, ठणठणीत, घरातूनच सलवार-सूटचं कापड विकणाऱ्या. एकदा लिफ्टमध्ये मी फोनवर कुणाला तरी दर सांगत होते. तळमजला येईस्तोवर मी सातशे रुपयांनी खाली उतरले होते. फोन संपल्यावर आंटीजी म्हणाल्या, "बेटा, तू तो अपनी दुकान खुद ही लूट रही है."

त्यांनी मला घरी बोलावलं आणि चक्क शिकवणी घेतली. त्या सोफ्यावर गिऱ्हाईक होऊन बसायच्या. मी दर सांगायचा आणि त्यानंतर तोंड उघडायचं नाही, एवढाच अभ्यास. "रेट बोल, और मुँह बंद. चाहे जितनी देर लगे." त्या चहाचा कप हातात धरून माझ्याकडे टक लावून पाहत बसायच्या. मला चार सेकंदही दम निघायचा नाही. शेवटी त्यांनी तोडगा काढला. दर सांगितला की दाढेखाली एक लवंग धरायची. लवंग दाताखाली असली की माणसाला बोलायची घाई होत नाही, म्हणे. मी फोनजवळ लवंगांची डबी ठेवली, आणि खरंच, त्या महिन्यात पहिल्यांदा एका बाईनं माझ्या दराला पलीकडून नुसतं "ठीक है" म्हटलं. मी बसल्या जागी उडाले होते.

मग मुलीनं मोबाइलवर छानसं दरपत्रक करून दिलं. वजनाचा दर, साखरेच्या बाहुल्या-फुलांचा वेगळा, पोचवण्याचा वेगळा, अर्धे पैसे आधी. आणि सगळ्यात खाली, जाड अक्षरात: सबके लिए एक ही रेट. मी ते दिवसातून चारदा उघडून बघायचे.

आणि नेमका त्याच आठवड्यात काकूंचा फोन आला.

या काकू माझ्या नात्यातल्या कुणी नव्हेत. तेवीस वर्षांपूर्वी लग्न होऊन मी दिल्लीत आले, तेव्हा आम्ही सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो आणि काका-काकू समोरच्या ब्लॉकमध्ये. काका नवऱ्याच्याच ऑफिसात, बरेच वरच्या हुद्द्यावर. माझी आई लग्नाच्या आदल्या वर्षी गेली होती. हिंदी धड येत नाही, भाजीवाल्याशी बोलायची धास्ती, अशा अवस्थेत काकूंनी मला हात धरून दाराबाहेर काढलं आणि दिल्लीत सोडलं. डोहाळजेवण त्यांनी केलं. बाळंतपण त्यांनी केलं, डिंकाच्या लाडवांपासून बाळाच्या तेलपाण्यापर्यंत. त्यांना एक मुलगा, लेक नाही. महाराष्ट्र मंडळात नवी बाई दिसली की काकू माझ्या खांद्यावर हात ठेवून "ही आमची लेक" असं सांगून मोकळ्या व्हायच्या. मला माहेर उरलं होतं ते एवढंच. वडील भावाकडे, आणि भावाकडे चार दिवसांवर राहणं होत नाही. काका निवृत्त झाल्यावर ते दोघं गाझियाबादला वसुंधरामध्ये राहायला गेले, आम्ही नोएडाला आलो, पण माझा रविवार सकाळचा चहा त्यांच्याकडेच. तो सहसा चुकला नाही.

"अगं, काकांचं सहस्रचंद्रदर्शन करतोय फेब्रुवारीत," काकू म्हणाल्या. ऐंशी वर्षं आणि वर काही महिने जगलेल्या माणसानं हजार पौर्णिमा पाहिलेल्या असतात, म्हणून हा समारंभ. "केक तूच करायचास. आणि त्यावर हजार चंद्र हवेत, बरं का. मोजून हजार."

"हजार?"

"मग काय, नुसतं नावाला? साखर कमी, त्यांना मधुमेह आहे. अंडं नको, पूजेचा दिवस आहे. रंग रात्रीच्या आभाळाचा, आणि चंद्र रुपेरी हवेत, पांढरे नकोत, पांढरे बत्ताशासारखे दिसतील. आणि हे बघ, चंद्रांवर सुरी चालवायची नाही. ते मला चालणार नाही. कापायला खाली एक वेगळा साधा केक दे."

माझ्याकडच्या गिऱ्हाइकांत इतक्या अटी आजवर कुणी घातल्या नव्हत्या. मला हसू येत होतं. माझं डोकं मात्र सवयीनं कामाला लागलं होतं. तीन मजले, पाच किलो, शिवाय कापायचा साधा एक किलो, हजार चकत्या लाटायच्या, कापायच्या, वाळवायच्या, रंगवायच्या.

"किती होतील ते सांग," काकू म्हणाल्या.

"साडेबारा हजार, काकू."

आणि हात डबीकडे गेला. लवंग दाढेखाली.  त्यांच्याकडे कुकर लागला होता, त्याच्या दोन शिट्ट्या मी ऐकल्या. मला आजही सांगता येत नाही की मी तेव्हा काय विचार करत होते. बहुधा काहीच नाही. शिकलेला धडा बिनचूक म्हणून दाखवणाऱ्या मुलासारखी मी उभी होते.

"बरं," काकू म्हणाल्या. "ठेवते. काकांच्या गोळ्यांची वेळ झाली."

पाच मिनिटांत काकांच्या नंबरवरून सहा हजार दोनशे पन्नास आले. बरोब्बर अर्धे. सोबत एक शब्दही नाही.

तेव्हा मी भानावर आले. मी हे काय करून बसले? जिनं माझी पोर न्हाऊमाखू घातली तिला मी ॲडव्हान्स भरायला लावला! काकूंनी स्वतः क्वार्टरमध्ये असताना वर्षानुवर्षं दिवाळीचा फराळ करून दिला. मराठी घरांना, परीक्षांच्या अभ्यासाला गावाकडून आलेल्या मुलांना. कुणी पैसे विचारले की मान खाली घालून "द्या काय द्यायचं ते." आणि मी त्यांच्यापुढे लवंग चावत उभी.

रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तूच म्हणालीस ना, सगळ्यांना एकच रेट? मग झालं तर." सरकारी माणसाला नियम पाळला गेल्याचं समाधान पुरतं. मुलीनं मात्र घास खाली ठेवला.

"आई, यार, आजीलापण?"

"अगं, तूच लिहिलंयस ना खाली, सबके लिए?"

"हां, पण आजी 'सब'मध्ये थोडीच येते."

पैसे परत पाठवावेत असं चारदा वाटलं. पाठवले तर तो आणखी अपमान, असंही वाटलं. फोन करून काय बोलणार? "काकू, चुकून दर सांगितला"? मी मेसेज लिहायचे आणि पुसायचे. पहिल्या रविवारी ऑर्डर असल्याचं कळवलं आणि गेले नाही. ऑर्डर खरंच होती, पण दुपारची. दुसऱ्या रविवारी घसा दुखतोय म्हटलं. तिसऱ्या रविवारी काहीच कळवलं नाही. जे काही बोलणं झालं ते कामाचं, मेसेजवर. "काकू, निळा गडद हवा की फिका?" उत्तर, "गडद." "काकू, आतला स्वाद वेलचीचा चालेल ना?" उत्तर, "चालेल." काकूंना मोबाइलवर नीट टाइप करता येत नाही, एकेक अक्षर शोधून दाबतात, हे मला ठाऊक होतं. तरी त्या एकेका शब्दात मला राग ऐकू यायचा. मी तो पुन्हा पुन्हा उघडून वाचायचे.

मग आमंत्रणं सुरू झाली. मंडळातल्या एका मैत्रिणीचा फोन आला, "तू काय नेसणार आहेस गं? मला काकूंनी स्वतः फोन केला, वर पत्रिकाही पाठवली." त्या एकेकाला फोन करत होत्या म्हणे, वहीत नावं लिहून, रोज दहा. मी वाट पाहिली. आठवडा गेला. मला ना फोन आला ना पत्रिका. तारीख, वेळ मला माहीत होती, पण ती केक पोचवण्यासाठी सांगितलेली. गिऱ्हाइकानं सांगितलेली.

संपलं, म्हटलं. साडेबारा हजारांत आपण आपलं माहेर विकलं.

चंद्र करायला घेतले ते अशा मनानं. साखरेची कणीक पातळ लाटायची, क्रीमच्या नळीच्या रुंद तोंडानं गोल कापायचे, दोन दिवस उघड्यावर वाळू द्यायचे आणि मग रुपेरी भुकटी ब्रशनं फिरवायची. नळीचं तोंड नखाएवढं. घरात जिथे सपाट जागा होती तिथे ताटं मांडली. फ्रिजवर, इस्त्रीच्या टेबलावर, देवघराच्या वरच्या फळीवर, पाहुण्यांच्या पलंगावर वर्तमानपत्रं पसरून. मुलगी परीक्षेचा अभ्यास करता करता उठून एक ताट रंगवून जायची. नवरा चष्मा नाकावर ओढून रोज संध्याकाळी शंभर चंद्र रंगवायचा आणि शंभर झाले की फाइल हातावेगळी केल्यासारखा ब्रश धुऊन ठेवायचा. तुटतील म्हणून चाळीस जास्तीचे केले. मिठाईच्या रिकाम्या डब्यांत शंभर-शंभरचे थर लावले.

हाताला काम असलं की मन शांत राहतं, हे खरं आहे. एका दुपारी मी हिशोब मांडत बसले. वर्षाला बारा-तेरा पौर्णिमा धरल्या तर आमची ओळख झाली तेव्हा काकांचे सातशेहून जास्त चंद्र बघून झाले होते. शेवटचे पावणेतीनशे आमच्या ओळखीनंतरचे. कोजागिरीला क्वार्टरच्या गच्चीवर आटवलेल्या दुधाचे, माझ्या मुलीला काकांनी खांद्यावर घेऊन चांदोमामा दाखवला त्याचे. मी तेवढे चंद्र मोजून वेगळे काढले आणि ते सगळ्यात वरच्या मजल्यावर लावले. हे कुणाला कळणार नव्हतं. कळावं असंही नव्हतं.

समारंभ रविवारी सकाळी होता. मुलीची सोमवारी परीक्षा, ती घरी राहिली. नवरा गाडी काढायला आला तो रेशमी झब्बा घालून. मी कामाचा सुती कुर्ता घातला होता, बाहीला निळा रंग लागलेला.

"हा झब्बा कशाला?" मी विचारलं.

"काकांचं सहस्रचंद्रदर्शन आहे ना आज?"

"आपल्याला बोलावलंय का? मी केक मांडणार आणि निघणार. तू खाली गाडीतच थांब."

त्यानं माझा चेहरा बघितला आणि गाडी सुरू केली. नोएडा ते वसुंधरा रस्ता तसा जवळचा. पण मागे तीन मजल्यांचे तीन खोके असले की प्रत्येक गतिरोधक जिवावर येतो. मी मागच्या सीटवर खोक्यांना हात लावून बसले होते. मनात एवढंच होतं की रडू येता कामा नये. पैसे घ्यायचे, धन्यवाद म्हणायचं, निघायचं. ज्या घरातून मजुरी घेतली त्या घरात पाहुणी म्हणून कोणत्या तोंडानं बसायचं?

वर काकूंचा हॉल भरलेला होता. भटजींचं चाललं होतं, काका पाटावर नव्या सदऱ्यात बसले होते, शेजारी मुलगा आणि बंगळूरहून आलेली सून. मी कुणाकडे फारसं न बघता कोपऱ्यातल्या टेबलावर मजले चढवले, जोडावर क्रीम फिरवलं, निखळलेले सात-आठ चंद्र पुन्हा चिकटवले. बायका भोवती जमल्या. कुणीतरी "बाई गं" म्हटलं. मला त्याचं काहीच वाटलं नाही.

काकू नऊवारी सावरत आल्या. त्यांनी केककडे खालपासून वरपर्यंत पाहिलं, कमरेला खोचलेलं पाकीट काढलं आणि माझ्या हातात ठेवलं.

"हे आधी घे. उरलेले आहेत. मोजून घे."

"असू दे काकू. येते मी. अजून एक डिलिव्हरी आहे."

"कसली डिलिव्हरी?"

"ऑर्डर आहे एक. इथेच पलीकडे, वैशाली भागात."

"आज?" काकूंचा आवाज बदलला. "आणि काकांना ओवाळणार कोण? भटजी दोनदा विचारून गेले, लेक आली का म्हणून."

चौरंगाशेजारी दोन तबकं मांडलेली होती, ती मी तेव्हा पाहिली. एक सुनेचं. दुसऱ्यातलं निरांजन अजून लावलेलं नव्हतं.

"मला आमंत्रण नव्हतं काकू," मी म्हटलं. सेहेचाळीस वर्षांच्या बाईचा आवाज पाच वर्षांच्या पोरीसारखा निघाला.

 माझं मनगट धरून काकूंनी मला स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटलं.

"लेकीला आमंत्रण करतात? वहीत मी तुझं नाव लिहायचं, एक्क्याण्णव पाहुण्यांत? कुणी शिकवलं तुला हे?"

"मला वाटलं, तुम्हाला राग आलाय. दर सांगितला म्हणून. तुम्ही फोनवर काही बोललाच नाहीत."

"काय बोलणार होते? जन्मभर फराळ करून घातला मी लोकांना, आणि पैशाचा विषय निघाला की माझीच मान खाली. तू दर सांगितलास आणि वर एक अक्षर बोलली नाहीस. मला इतकं कौतुक वाटलं! काकांना म्हटलं, पोरगी शहाणी झाली, आत्ताच्या आत्ता पैसे पाठवा."

मला हसू आलं आणि त्याच्याबरोबरच रडूही. मी पाकीट त्यांच्या हातात कोंबायला गेले. त्यांनी माझ्या हातावर चापट मारली.

"खबरदार. हजार चंद्र केलेस, कष्टाचे आहेत ते." त्या ओट्याकडे वळल्या आणि उगाचच एक झाकण उचलून पुन्हा ठेवलं. माझ्याकडे पाठ करूनच बोलल्या. "पैशांचं काही नाही गं. पैसे मागितलेस आणि यायची बंद झालीस, त्याचं काय? फोन केला तेव्हा पुढे सांगणार होते, चार दिवस राहायला ये म्हणून. म्हटलं, रविवारी येईल तेव्हा सांगू. तीन रविवार चहाचं आधण ठेवून बसले. काकांचा सदरा तुझ्याबरोबर जाऊन आणायचा होता, तो सुनेनं मागवला, बाह्या लांब झाल्यात. निळा गडद हवा की फिका, विचारतेस. काकू, तुम्ही कशा आहात, हे एकदा नाही विचारलंस."

 तीन आठवडे मी त्यांच्या रागाची भीती घेऊन हिंडत होते, आणि त्या एकट्या तयारी करत होत्या, ऐंशी वर्षांच्या माणसाला सांभाळत, वहीतून नंबर शोधून फोन लावत. त्या आपण होऊन माझं गिऱ्हाईक झाल्या नव्हत्या, मीच त्यांना गिऱ्हाईक केलं होतं. इतकी शरम मला कधी वाटली नव्हती.

"कशा आहात काकू?" मी विचारलं.

"गुडघा दुखतोय," त्या म्हणाल्या, आणि डोळे पुसले.

बाहेरून भटजींनी हाक मारली. काकूंनी फळीवरून एक पिशवी काढली. आत जांभळी साडी होती, लेकीच्या मानाची. ब्लाउज बदलायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी ती मला कुर्त्यावरूनच नेसवली, दोन पिना तोंडात धरून, गुडघ्याला हात लावत खाली वाकून निऱ्या नीट करत. मी नवऱ्याला फोन करून वर बोलावलं. तो झब्ब्यात आला, माझ्या साडीखालून दिसणारी निळी बाही पाहिली, आणि देवाची कृपा, काही बोलला नाही.

सुनेचं ओवाळून झालं होतं. मी दुसरं निरांजन लावलं, तबक उचललं आणि काकांसमोर उभी राहिले. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. हल्ली त्यांना ऐकायलाही कमी येतं, बहुतेक गोष्टी ते दोनदा विचारतात. मी कुंकू लावलं. घाईत ते जरा ओघळलं. त्यांनी चष्मा सारखा केला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि भरल्या हॉलमध्ये मोठ्यानं म्हणाले, "किती उशीर केलास गं."

"हो काका," मी म्हटलं. "केला."